घंटागाडी मळ्यात येत नाही

निफाड तालुक्यातल्या आमच्या गावात ग्रामपंचायतीची घंटागाडी फिरते. वेशीतून आत येते, मारुतीच्या पाराला वळसा घालते, आळीआळीतले डबे रिकामे करून घेते आणि माघारी जाते. आम्ही राहतो मळ्यात, गावठाणापासून लांब, पाटाच्या कडेनं जाणाऱ्या शिवाररस्त्यावर. इथे डेअरीची दुधाची गाडी येते, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी येतात, निवडणुकीत तर सगळेच येतात. घंटागाडी तेवढी येत नाही.

शहरातल्या वाचकांना कदाचित कल्पना नसेल, पण निफाड, दिंडोरी, चांदवडकडची बरीचशी माणसं गावात राहतच नाहीत. विहिरीवर मोटर बसली, द्राक्षबाग लागली, रात्रीची लाइट आणि पहाटेची फवारणी मागे लागली, तशी एकेक कुटुंबं गावठाणातल्या जुन्या घराला कुलूप लावून शेतात आली. जिल्ह्यात साडेतेराशेच्या वर ग्रामपंचायती आहेत. कागदावर गाव एक असतं, घरं मात्र शिवारभर पसरलेली. नाशिक शहरानं नव्वदच्या दशकात दारोदार जाणारी घंटागाडी सुरू केली, पुढे राज्यभर तिचं अनुकरण झालं, आणि नाशिककरांना त्याचा रास्त अभिमान आहे. पण ती कल्पना गल्लीत लागून असलेल्या घरांसाठी आहे. दोन घरांमध्ये चार एकर बाग असेल तर गाडीचं डिझेल कचऱ्याहून महाग पडतं.

हिशेबच मांडते. स्वच्छ भारत मिशनच्या ग्रामीण दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे २०२० नंतर, घनकचऱ्याचे पैसे डोईमागे ठरले. पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला माणशी ६० रुपये, त्याहून मोठ्या गावाला माणशी ४५. तीन हजार वस्तीच्या गावाचे झाले एक लाख ऐंशी हजार, तेही एकदाच. त्यातून खतखड्डे बांधा, गाडी घ्या, कचरा वेगळा करायची शेड उभारा. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ या वर्षांसाठी दिलेल्या निधीतला साठ टक्के बंधित होता, निम्मा पाण्याला आणि निम्मा स्वच्छतेला, म्हणून थोडा हात सैल झाला. तरी रोजचं डिझेल आणि गाडीवरच्या माणसाचा पगार घरपट्टीच्या वसुलीवर येऊन थांबतो. आमचे ग्रामसेवक (पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गावात ते भाऊसाहेबच) एकदा मला म्हणाले, "ताई, मळ्यात गाडी पाठवली तर गावातली बंद ठेवावी लागेल." मला ते पटलं. मला असंही वाटतं, की मळ्याला रोजची गाडी नकोच आहे. मळ्यातल्या घराला ओल्या कचऱ्याची अडचणच नसते. आमची अडचण वेगळी आहे, आणि ती समजून न घेता शहराची गाडी खेड्यात आणली तर ती पारापाशीच फिरत राहणार.

पूर्वीचं सांगायचं तर दाराच्या एका बाजूला, पावसाचं पाणी साचणार नाही अशा उंचवट्याजवळ उकिरडा असायचा. सकाळी गोठ्यातलं शेण-मूत, वैरणीचं उष्टं, चुलीतली राख, अंगणातला केर, भाजीची देठं असं सगळं त्यात. वैशाखात तो उपसून बैलगाडीनं रानात न्यायचा आणि ढिगाढिगानं टाकून पांगवायचा. सासूबाई अजून म्हणतात, "अगं, आमच्या येळी कचरा व्हताच कुठं?" बरोबरच आहे त्यांचं. जुन्या लुगड्यांची गोधडी व्हायची, गोधडी विटली की पायपुसणं, तेही कुजलं की उकिरड्यात. तेलाचा डबा पाण्याला, फुटकं मडकं कोंबडीच्या पाण्याला. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात. आमच्याकडे ते दर वर्षी पावसाआधी फिटायचे.

मग शाम्पूच्या पुड्या आल्या. गुटख्याच्या आल्या, वेफर्सची पाकिटं आली, बिस्किटांचे चकचकीत कागद आले, पाच रुपयांत मिळणारं सगळं चकाकत आलं. आपलं दूध डेअरीला घालून पोरं दुकानातून पाकिटातला खाऊ आणतात, हे आता प्रत्येक मळ्यातलं चित्र आहे. उकिरड्यानं यातलं काही पचवलं नाही. खतासोबत ते रानात गेलं. कांद्याचं रोप टाकायला वाफा तयार करताना कुदळीला माती कमी आणि पुड्या जास्त लागायला लागल्या, तेव्हा घरच्या पुरुषांनाही ते दिसलं. त्याआधी मी बोलत होते तेव्हा ते बाईमाणसाचं टुमणं होतं.

ओल्या कचऱ्याचं आधी उरकून टाकते, कारण ते सोपं आहे. भाकरीचे तुकडे कोंबड्यांना, भाजीची देठं आणि मटारची टरफलं गायीला. एक मात्र सांगायला हवं: सडके कांदे जनावरांपुढे ओतू नका. चाळीत कांदा सडला की फेकायच्या जिवावर येतं, म्हणून लोक ते पाटीनं गायीपुढे टाकतात. कांद्यात अशी गंधकयुक्त द्रव्यं असतात की ती पोटात जास्त गेली तर जनावराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, लघवी लालसर होते, जनावर अशक्त होऊन बसतं. लासलगावच्या पंचक्रोशीत कांद्याचा भाव पडला की असे ढीग रस्त्याकडेला, ओढ्यात, गोठ्यात सगळीकडे दिसतात.

सडक्या कांद्याची जागा नाडेपमध्ये. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण पांढरीपांडे, ज्यांना सगळे नाडेपकाका म्हणत, त्यांनी ही पद्धत बसवली. नाडेप हे त्यांच्याच नावाचं लघुरूप. जमिनीवर विटांचं टाकं, साधारण दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, आणि भिंतीत हवा खेळायला मुद्दाम सोडलेली भोकं. एक थर काडीकचऱ्याचा, त्यावर शेणकाला शिंपडायचा, त्यावर चाळलेली माती, पुन्हा काडीकचरा. टाकं भरून वर आलं की शेणमातीनं लिंपून घ्यायचं. तीन ते चार महिन्यांत खत तयार. यातली खरी गंमत अशी, की शेण फार थोडं लागतं. आता आमच्या गोठ्यात दोनच गायी आहेत, बैल गेले, ट्रॅक्टर आला. दोन गायींच्या शेणावर जुना उकिरडा भरणार नाही, नाडेप मात्र भरतं. सडका कांदा ढिगाच्या मध्यावर टाकायचा आणि वरून माती द्यायची. कुजताना ढीग आतून इतका तापतो की त्यातली बरीच बुरशी मरते, वासही दबतो.

छाटणीच्या काड्यांचंही तसंच. द्राक्षाच्या वर्षात दोन छाटण्या, एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. काड्यांचे ढीग बांधावर ओढून पेटवायचे, ही वर्षानुवर्षांची रीत. आता बरेच जण काड्या सरीतच टाकून ट्रॅक्टरच्या यंत्रानं बारीक करतात, त्यावर शेणकाला देतात. शिवाय रद्दी. द्राक्षाचे घड गुलाबी पडू नयेत म्हणून डिसेंबर-जानेवारीत त्यांना वर्तमानपत्राचा कागद गुंडाळतात, हे बाहेरच्यांना ऐकून नवल वाटतं. मुंबई-पुण्यात वाचून झालेली वर्तमानपत्रं किलोवर आमच्याकडे येतात. घड उतरले की तो कागद बागेत लोळत असतो. गोळा करून नाडेपमध्ये घालावा, छान कुजतो.

आता अवघड भाग.

आमच्याकडे भंगारवाला मालेगावहून येतो, छोट्या हत्तीत. गाडीवर भोंगा, त्यात आधीच भरून ठेवलेली आरोळी. त्याच्याकडून मी जेवढं शिकले तेवढं कुठल्या प्रशिक्षणात शिकले नाही. त्याच्या लेखी कचरा नसतोच. विकला जाणारा माल असतो आणि न विकला जाणारा. लोखंड, पत्रा, पुठ्ठा, पाण्याच्या बाटल्या, तुटक्या बादल्या-घागरी, जुनी ठिबकची नळी हे सगळं तो हसत घेतो. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवलेल्या असतील तर घेतो, आंबूस वास मारत असतील तर हातही लावत नाही. टोमॅटो-मिरचीच्या वाफ्यावरचा मल्चिंग पेपर उचलून बघतो आणि खाली ठेवतो. "ताई, यात माती किती आणि प्लॅस्टिक किती? मातीचे पैसे मी देऊ?"

हा माल जातो कुठे हे मी त्याला विचारलं. मालेगाव म्हटलं की यंत्रमाग आठवतात, पण तिथे प्लॅस्टिकच्या पुनर्वापराचाही मोठा धंदा आहे. बाहेरगावाहून भंगार येतं, माणसं, त्यातही बायका, ते जातीनुसार आणि रंगानुसार निवडतात, मग ते धुतात, यंत्रात बारीक तोडतात. त्या तुकड्यांना गिट्टी म्हणतात. गिट्टी वितळवून दाणा आणि दाण्यापासून स्वस्तातले काळे पाइप. तेच पाइप पुन्हा शेतकऱ्यांच्या विहिरीवर येतात. आमच्या मळ्यातली फुटकी घागर मालेगावला जाऊन पाइप होऊन परत आली असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही. हा व्यवहार स्वच्छ आहे असं मी म्हणणार नाही. गिट्टी धुतलेलं पाणी आणि कारखान्यांचा धूर यांबद्दल मालेगावकरांच्या तक्रारी आहेत आणि त्या खऱ्या आहेत. पण सरकारी योजनेचा एक रुपया न घेता नाशिक जिल्ह्यातल्या शिवाराशिवारातलं प्लॅस्टिक उचलणारी दुसरी कुठली यंत्रणा आज उभी आहे, मला दिसत नाही.

भंगारवाल्यासाठी मळ्यातल्या बाईनं करायचं काम एकच: सुकं ते सुकं आणि स्वच्छ ठेवायचं. आमच्याकडे गोठ्याच्या वळचणीला तीन गोण्या टांगल्या आहेत. एकीत बाटल्या आणि जाड प्लॅस्टिक, एकीत धुतलेल्या पिशव्या, एकीत काच-पत्रा. भांडी घासून झाल्यावर जे पाणी उरतं त्यात पिशवी विसळून दोरीवर टाकायची, एवढंच. नवं पाणी लागत नाही, वेळही फार जात नाही. मात्र पाऊस लागणार नाही अशी जागा हवी, नाहीतर आषाढात सगळं चिखल होऊन बसतं आणि केलेलं वाया.

बांधावरच्या साड्यांबद्दलही बोलायला हवं. रस्त्याकडेच्या बागेला धूळ लागू नये म्हणून आमच्या भागात जुन्या साड्यांचं कुंपण करतात. साड्या किलोवर मिळतात, लांबून बघितलं तर बाग नटल्यासारखी दिसते. जुन्याचा पुन्हा वापर म्हणून याचं कौतुक होतं. पण या साड्या सुती नसतात. उन्हानं दोन हंगामांत त्या चिरफाळतात, धागे मातीत मिसळतात, आणि मग त्या ना भंगारात जातात ना कुजतात. बांधायच्या असतील तर फाटायच्या आधी सोडून घ्याव्यात, असं मी सगळ्यांना सांगते. ऐकतं कोण?

राहिलं ते, जे भंगारवाला घेत नाही. वेफर्सचं पाकीट दिसायला प्लॅस्टिक असतं, पण त्यात प्लॅस्टिकचे दोन-तीन वेगवेगळे पापुद्रे आणि मध्ये अॅल्युमिनियमचा पातळ थर असतो. हवा आणि ओल आत जाऊ नये म्हणून ही करामत. ते थर एकमेकांपासून सोडवता येत नाहीत, म्हणून त्याची गिट्टी होत नाही, म्हणून त्याला भाव नाही. ते प्रामुख्यानं सिमेंटच्या भट्टीत जाळतात, जिथे चौदाशे अंशांच्या आसपास उष्णता असते. आपल्या राज्यात अशा मोठ्या भट्ट्या चंद्रपूरकडे आहेत. निफाडहून चंद्रपूरला पाकिटं पाठवायची, आणि ट्रक भरला तरी वजन भरत नाही, अशी त्याची अवस्था.

मग ते पेटवतात. आमच्या भागात थंडीत अंघोळीच्या पाण्याला तांब्याचा बंब असतो. बंब पेटवायला काटक्यांखाली एखादी पिशवी किंवा पुड्यांचा चुरगाळा घातला की लगेच धरतो. पहाटे बंबाच्या धुरात बसून पाणी काढतात त्या बाया आणि शाळेत जाणारी पोरं. उघड्यावर किंवा बंबात प्लॅस्टिक अर्धवट जळतं. त्यात पीव्हीसी असेल, म्हणजे पाइपचा तुकडा किंवा वायरीचं आवरण, तर आम्लाची वाफ आणि डायॉक्सिनसारखी विषं तयार होतात. ती धुरासोबत जातात, राखेत उरतात, आणि राख आपण भाजीच्या वाफ्यात टाकतो. सासूबाईंचं म्हणणं होतं, आगीत गेलं की संपलं. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. बंबाची राख वांग्याच्या वाफ्यात टाकायची बंद केली आणि कारण विचारलं तेव्हा सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनीच पिशव्या बंबाजवळून उचलल्या. वांगी त्यांची लाडकी.

कायद्याचं म्हणाल तर तो आहे. अलमित्रा पटेल या बाईंनी कचऱ्याच्या प्रश्नावर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तेच प्रकरण पुढे राष्ट्रीय हरित लवादाकडे आलं आणि डिसेंबर २०१६ मध्ये लवादानं उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला पाच हजार, मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला पंचवीस हजार दंड सांगितला. त्याच वर्षी प्लॅस्टिक कचऱ्याचे नवे नियम आले आणि ग्रामपंचायतींवर पहिल्यांदाच ही जबाबदारी टाकली गेली. २०१८ मध्ये महाराष्ट्राची प्लॅस्टिकबंदी, २०२२ मध्ये देशाची. पण मळ्यात पावती फाडायला कोण येणार? आणि कोणी आलाच, तर न जाळता हे नेऊन द्यायचं कुठे, या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर हवं.

बाटलीत पाकिटं ठासून भरायची आणि त्या विटा म्हणून बाकाला वापरायच्या, हा उपक्रम शाळांमधून फार चालतो. मुलांना मजा येते, गोळा करायची सवय लागते, तेवढ्यापुरतं ठीक. पण बाक उन्हात तडकला की आतलं सगळं पुन्हा मैदानात. यावर बक्षिसं द्यावीत असं त्यात काही नाही.

औषधांच्या बाटल्यांची गोष्ट याहून गंभीर. द्राक्षाला फवारण्या किती लागतात हे मी सांगायला नको. बाटलीवर चौकोनात रंग असतो: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. अशी रिकामी बाटली विहिरीच्या कडेला, बांधाच्या खड्ड्यात, नाहीतर सरळ पाटात. काही घरांत ती धुऊन रॉकेल-डिझेलला वापरलेली मी पाहिली आहे. करायचं असं, की औषध संपलं की बाटलीत पाव भाग पाणी घालून खळबळायची आणि ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतायचं. असं तीनदा. मग बुडाला भोक पाडायचं, म्हणजे तिच्यात पुन्हा कोणी काही भरणार नाही. बंद पिंपात, कुलपाआड ठेवायची.

यातली विसंगती अशी. २०१० मध्ये आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या संजीवकाचा अंश सापडला, युरोपात माल अडकला आणि नाशिकचे बागायतदार हादरले. त्यानंतर निर्यातीच्या बागांना शिस्त लागली. प्रत्येक फवारणीची नोंद, मण्यांची प्रयोगशाळेत तपासणी, आणि ग्लोबलगॅपचं प्रमाणपत्र हवं असेल तर रिकाम्या बाटल्यांसाठी वेगळी बंदिस्त जागा. तपासणीस येतो, कुलूप लावलंय का बघतो. म्हणजे युरोपातल्या गिऱ्हाइकासाठी आम्ही हे करू शकतो, जमतं आम्हाला. शेजारच्या कांद्याच्या रानात, जिथे कोणी तपासायला येत नाही, तिथे मात्र त्याच औषधाची बाटली पाटात तरंगते. तो पाट पुढे नदीला मिळतो, कादवा गोदावरीला, आणि त्यांच्या संगमावर नांदूरमधमेश्वरचा बंधारा आहे. २०२० मध्ये त्या पाणथळीला रामसर दर्जा मिळाला, महाराष्ट्रातला पहिला. हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी बघायला पर्यटक येतात. पावसाळ्यात वरून काय काय वाहत येतं हे काठावरच्या गावांना विचारावं.

पॅडबद्दल पुरुषांसमोर कोणी बोलत नाही, म्हणून लिहिते. मळ्यातल्या मुली आता पॅड वापरतात, चांगलंच आहे. वापरलेलं पॅड उसात, बांधावर, नाहीतर बंबात जातं. कुत्री उकरतात ती वेगळीच शरम. शाळांमध्ये बसवलेली छोटी जाळायची यंत्रं ८०० अंशांच्या वर तापली तरच उपयोगाची, आणि विजेचा दाब आमच्याकडे किती असतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत पॅड बनवणाऱ्या कंपन्यांनी प्रत्येक पॅडसोबत गुंडाळायला पिशवी द्यावी असं लिहिलं होतं. आम्ही विहिरीपासून लांब सिमेंटची एक खोल रिंग पुरून घेतली, वर झाकण. हा शेवटचा उपाय नाही, पॅडमधलं प्लॅस्टिक त्यात तसंच राहणार. आमच्या बचत गटातल्या काही जणी पुन्हा कापडाकडे वळल्या, पण उन्हात वाळवायचं असेल तरच. पलंगाखाली ओलं ठेवायचं असेल तर नको, असं आमच्या आशाताई बजावतात.

आता ग्रामपंचायतीनं काय करावं. २०००-०१ मध्ये तेव्हाचे ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटलांनी संत गाडगेबाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं तेव्हा गावं खरंच बदलली. गाडगेबाबांचं नाशिकशी नातं जुनं, गोदाकाठी त्यांची धर्मशाळा आहे; दिवसा झाडू आणि रात्री कीर्तन हा त्यांचा शिरस्ता. पण अभियानाच्या तपासणीत रस्ता झाडलाय का हे बघायचे, झाडलेला कचरा गेला कुठे हे फारसं कोणी विचारत नसे. समिती येणार म्हटलं की तो नाल्यापलीकडे जायचा. संभाजीनगरजवळच्या पाटोद्यात तेव्हाचे सरपंच भास्करराव पेरे पाटलांनी कर भरणाऱ्याला दळण फुकट केलं आणि वसुली आपोआप झाली. मला ती युक्ती कुठल्याही कचराकुंडीपेक्षा मोलाची वाटते, कारण पैसा असेल तर पुढचं सुचतं.

मळ्यांसाठी माझं म्हणणं एवढंच आहे: गाडी आमच्याकडे आणू नका, आम्ही नाहीतरी गावात येतोच. आठवडेबाजाराला येतो, रेशनला येतो, खताच्या दुकानात येतो. बाजाराच्या दिवशी ग्रामपंचायतीची शेड उघडी ठेवा. मी पिशवीत धुतलेलं सुकं घेऊन येईन, तीच पिशवी भाजीनं भरून नेईन. भंगारवाल्यालाही मळे धुंडाळावे लागणार नाहीत, शेडवरूनच माल उचलेल आणि भाव जरा बरा देईल. औषधाच्या बाटल्या कृषी सेवा केंद्रानं परत घ्याव्यात. विकताना गाडी दारात आणतात, तर रिकामं न्यायला काय हरकत आहे? पॅकिंग करणाऱ्या कंपन्यांवर त्यांचं प्लॅस्टिक परत गोळा करण्याची जबाबदारी नियमानंच आहे.

महिला ग्रामसभेत मी हा विषय मांडला. नियमित ग्रामसभेआधी ती घ्यावी लागते, आणि आमच्याकडे अलीकडे ती खरोखरच होते. बाजारच्या दिवशी शेड उघडायला कोणाचा विरोध नव्हता, चावी बचत गटाकडे द्यायचंही ठरलं. भाऊसाहेब म्हणाले, "बाटल्या-पुठ्ठ्याचं होईल ताई. वेफर्सची पाकिटं शेडमध्ये साठवून मी पुढे काय करू?" प्रश्न खरा होता. स्वच्छ भारत मिशनमध्ये दर तालुक्याला प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापनाच्या युनिटसाठी सोळा लाखांपर्यंत तरतूद आहे. गावांनी साठवायचं, तालुक्यानं दाबून गठ्ठे करायचे आणि पुढे पाठवायचं. ते युनिट आमची पाकिटं घेईल का, कधी घेईल, आणि गावापासून तिथपर्यंत कोणी न्यायची, हे पंचायत समितीला लेखी विचारायचं आणि उत्तर पुढच्या सभेत वाचून दाखवायचं, असं इतिवृत्तात लिहून घेतलंय. पत्राची पोच भाऊसाहेबांकडे आहे.

तोवर पाकिटांची चौथी गोणी गोठ्याच्या माळ्यावर आहे. तीही धुऊनच टाकायची, कारण साखर-मिठाचा वास राहिला की उंदीर गोणी फोडतात.